आधी बहाळ की आधी बळसाणे? यंत्राला अक्षरांचा क्रम सांगणाऱ्या 'कॉलबॅक'चा इतिहास

१/
साक्री तालुक्यातील बळसाणे हे गाव मध्ययुगीन दगडी मंदिरांच्या समूहासाठी ओळखले जाते. चाळीसगाव तालुक्यातील गिरणाकाठचे बहाळ १९५० च्या दशकातील उत्खननामुळे आणि तेथे सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन अवशेषांमुळे अभ्यासकांना परिचित आहे. खानदेशातील प्राचीन स्थळांची अकारविल्हे सूची करावयाची झाल्यास या दोन नावांपैकी आधी कोणते येईल?

२/
मराठी शाळेत मुळाक्षरे घोकलेला कोणीही क्षणात उत्तर देईल. वर्णमालेचा शेवट '…श ष स ह ळ क्ष ज्ञ' असा होतो. ह आधी, ळ नंतर. म्हणून बहाळ आधी, बळसाणे नंतर. संगणकाला मात्र विशेष काही न सांगता हीच यादी लावावयास दिली, तर तो बळसाणे आधी घालतो. तो चुकत नाही. त्याला वेगळाच क्रम शिकवलेला असतो. हा क्रम त्याच्या हातून काढून घेऊन माणसाच्या हाती देणाऱ्या एका युक्तीचा हा इतिहास आहे.

३/
यंत्रे येण्यापूर्वी हे काम चिठ्ठ्यांवर चालत असे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले. त्यांनी जमवलेल्या धातूंचा कोश पुढे धुळ्याच्याच राजवाडे संशोधन मंडळाने प्रसिद्ध केला. अशा प्रत्येक कोशामागे एक कंटाळवाणे पण निर्णायक काम असते: दोन शब्द समोर ठेवायचे आणि 'यांत आधी कोणता?' हे ठरवायचे. हजारो वेळा.

४/
या कामाचे दोन भाग पडतात, आणि पुढचे सारे त्यांच्या फरकावर उभे आहे. पहिला भाग हातांचा: चिठ्ठ्या उचलणे, हलवणे, गठ्ठे करणे. हा भाग मराठीत, रशियनमध्ये किंवा तमिळमध्ये सारखाच असतो. दुसरा भाग निवाड्याचा: दोहोंत आधी कोण? हा भाग प्रत्येक भाषेचा स्वतःचा असतो.

५/
१९५९ साली सी. ए. आर. होअर हा तरुण मॉस्को विद्यापीठात शिकत होता. जन्माने तो कोलंबोचा. रशियन वाक्यांचे यंत्राद्वारे इंग्रजी भाषांतर करण्याचा प्रश्न त्याच्यापुढे होता. रशियन शब्दकोश चुंबकीय फितीवर वर्णक्रमाने नोंदलेला होता. फीत पुढेमागे फिरवत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून वाक्यातले शब्द आधी वर्णक्रमाने लावावेत आणि मग एकाच फेरीत सगळ्यांचे अर्थ शोधावेत, असे त्याने ठरवले. त्या गरजेतून 'क्विकसॉर्ट' ही क्रमवारी लावण्याची पद्धत जन्मली. तिचे मूळ गणिताच्या कोड्यात नाही, शब्दकोशाच्या गरजेत आहे.

६/
पद्धत अशी: यादीतील एक नाव मध्यस्थ म्हणून निवडायचे. त्याच्या आधी येणारी सारी नावे एका बाजूला, नंतर येणारी दुसऱ्या बाजूला. मग प्रत्येक गटाला पुन्हा तोच नियम, एकेक नाव उरेपर्यंत. जुलै १९६१ मध्ये ही कृती 'अल्गोरिदम ६४' या क्रमांकाने, अल्गोल ६० या भाषेत लिहून, छापली गेली. परंतु तिच्यात 'लहान की मोठा' हा निवाडा कृतीच्या आतच लिहिलेला होता. निवाडा बदलायचा, तर कृतीच नव्याने लिहिणे आले.

७/
निवाडा बाहेरून पुरवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी होती. केंब्रिज विद्यापीठाच्या एडसॅक या यंत्रासाठी विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी तयार उपक्रमांचा संग्रह उभारला आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. समाकलन करणारा उपक्रम एकदाच लिहिलेला असे. ज्या सूत्राचे समाकलन करायचे, ते गणणारा छोटा मदतनीस उपक्रम वापरणाऱ्याने स्वतः लिहायचा. मोठा उपक्रम चालता चालता थांबे, मदतनिसाला हाक मारी, उत्तर घेई आणि पुढे जाई. अल्गोल ६० ने तर एका प्रक्रियेला दुसरी प्रक्रिया सोपवणे हा भाषेचाच नियम केला.

८/
यालाच आज 'कॉलबॅक' म्हणतात. लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्यावे. पाने मांडणारा, माणसे बसवणारा वाढपी आपल्या कामात तरबेज असतो; पण घरातली नाती त्याला ठाऊक नसतात. म्हणून यजमानांकडचे एक वडीलधारे गृहस्थ त्याच्याजवळ उभे केले जातात. वाढपी दोन पाहुण्यांकडे बोट दाखवून विचारतो, 'यांत आधी कोण?' आजोबा सांगतात. वाढपी तेवढे करतो आणि पुढच्या दोघांकडे वळतो. बसवण्याचे कसब वाढप्याचे, मानाचा क्रम आजोबांचा. आजोबांना कामाच्या आरंभीच वाढप्याच्या हवाली करणे, हेच फंक्शनला फंक्शन सोपवणे.

९/
ही सोय यंत्राच्या अगदी जवळ राहून काम करणाऱ्या भाषेत रुजली ती सी या भाषेमुळे. १९७० च्या दशकाच्या आरंभी न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती घडवली. तिचा हेतूच युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्याचा होता. सी मध्ये फंक्शन म्हणजे स्मृतीतल्या एका ठिकाणी ठेवलेल्या सूचना. त्या ठिकाणाचा पत्ता म्हणजे फंक्शन पॉइंटर. आजोबांना उचलून न्यायचे नसते. ते कोठे बसले आहेत तेवढा पत्ता वाढप्याला दिला की पुरते.

१०/
१९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'क्यूसॉर्ट' नावाचे फंक्शन होते. त्याला चार गोष्टी द्याव्या लागत: यादी कोठे सुरू होते, तिच्यात किती नोंदी आहेत, एक नोंद किती जागा घेते, आणि तुलना करणाऱ्या फंक्शनचा पत्ता. तुलना-फंक्शनने दोन नोंदी पाहून एकच संख्या परत करायची. ऋण आली तर पहिली नोंद आधी, धन आली तर दुसरी आधी, शून्य आले तर दोन्ही समान. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने ही रचना सी भाषेचा अधिकृत भाग केली.

११/
या चार गोष्टींत एक गोष्ट नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नोंदी कशाच्या आहेत, हे क्यूसॉर्टला कोणीच सांगत नाही. त्या गावांच्या असोत, पगाराच्या असोत की ताऱ्यांच्या. त्याला नोंदीची लांबी कळते, अर्थ कळत नाही. अर्थ फक्त तुलना-फंक्शनला कळतो. हजार नावांच्या यादीसाठी क्यूसॉर्ट साधारण दहा ते चौदा हजार वेळा त्याला हाक मारते आणि प्रत्येक वेळी मिळालेले उत्तर निमूट मानते. देवनागरी न वाचणाऱ्या माणसांनी लिहिलेले यंत्रकाम मराठी यादी बिनचूक लावू शकते ते यामुळेच.

१२/
मग बळसाणे आधी का येते? यासाठी भारतात यावे लागते. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम झाले. त्यातून 'जिस्ट' हे तंत्र विकसित करणाऱ्यांत मोहन तांबे हे प्रमुख नाव होते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले. याच प्रवाहात 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतावली तयार झाली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक ठरली. १९८८ च्या इस्कीचीच मांडणी युनिकोडने आपल्या देवनागरी कोष्टकासाठी स्वीकारली.

१३/
इस्कीचे उद्दिष्ट उदार होते: ब्राह्मीकुळातील सर्व लिप्यांना एकच सामाईक आराखडा. मराठीतला ळ, तमिळमधला ऴ, यांना उच्चाराने जवळच्या ल शेजारी जागा मिळाली. त्यामुळे युनिकोडमध्ये ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७ आणि ह चा २३६१. नुसते क्रमांक पाहिले, तर ळ हा ह च्या सहा पावले आधी येतो. एकत्र कुटुंबात प्रत्येकाला हवी ती खोली मिळतेच असे नाही. ळ च्या वाट्याला आलेली खोली मराठी शाळेतल्या जागेपासून दूर होती.

१४/
संकेतावलीचा क्रम हा भाषेचा क्रम असलाच पाहिजे, असे मात्र कोणी म्हटलेले नाही. संकेतांक म्हणजे अक्षराचा घरक्रमांक. पंगतीतला मान त्यावरून ठरत नाही. मराठीसाठी वेगळे तुलना-फंक्शन लिहायचे: प्रत्येक अक्षराला मराठी वर्णमालेतला दर्जा द्यायचा, ळ चा दर्जा ह च्या नंतरचा ठेवायचा आणि घरक्रमांकांऐवजी दर्जांची तुलना करायची. क्यूसॉर्टमध्ये एक अक्षरही बदलावे लागत नाही. पत्ता तेवढा नवा द्यायचा. बहाळ आधी येते.

१५/
येथे एक खरा धोका दडलेला आहे. एक छोटी यादी मराठी क्रमाने लावलेली आहे असे समजू: कासारे, दहिवेल, निजामपूर, बहाळ, बळसाणे, शेवाळी, साक्री. सात नावे. आता यंत्राला बळसाणे शोधायचे आहे. लावलेल्या यादीत शोध घेणारे 'बीसर्च' हे फंक्शन मधले नाव पाहते आणि उरलेली अर्धी यादी सोडून देते. यालाही तुलना-फंक्शन द्यावे लागते. समजा, कोणी नजरचुकीने घरक्रमांकांवर चालणारे फंक्शन दिले.

१६/
मधले, म्हणजे चौथे, नाव आहे बहाळ. घरक्रमांकांच्या हिशेबाने बळसाणे त्याच्या आधी यायला हवे. म्हणून यंत्र डावीकडचा अर्धा भाग निवडते: कासारे, दहिवेल, निजामपूर. तेथे बळसाणे नाही. उत्तर येते: 'असे नाव यादीत नाही.' नाव तर यादीत आहे, पाचव्या जागी. कोठेही बिघाड झालेला नाही. लावणाऱ्याचा क्रम एक आणि शोधणाऱ्याचा दुसरा, एवढेच झाले. मतदारयादी असो, रुग्णालयाची नोंदवही असो वा जमिनीचा दस्तऐवज, कागदावर असलेला माणूस यंत्राला 'नाही' वाटू शकतो तो असा.

१७/
दुसरा धोका आजोबांच्या विसंगतीचा. 'अ हा ब च्या आधी, ब हा क च्या आधी' असे सांगून नंतर 'क हा अ च्या आधी' म्हटले, तर वाढप्याने काय करावे? सी च्या प्रमाणकात अशा वेळी परिणामाची हमी नाही. सर्वपरिचित चूक म्हणजे दोन संख्यांची वजाबाकी करून तेच उत्तर देणे. २०० कोटींतून उणे २०० कोटी वजा केले, तर ४०० कोटी येतात. पण ३२ बिटांच्या संख्येची मर्यादा सुमारे २१४ कोटी. उत्तर उलटून बहुधा ऋण होते आणि मोठी संख्या लहान ठरते.

१८/
हे केवळ पुस्तकी भय नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये क्वालिस या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ग्लिबसी या ग्रंथसंग्रहातील क्यूसॉर्ट, विसंगत तुलना-फंक्शन मिळाल्यास आणि त्याच वेळी स्मृती अपुरी पडल्यास, यादीच्या हद्दीबाहेरच्या स्मृतीला हात लावू शकते. हा दोष १९९२ पासूनच्या आवृत्त्यांत होता. नियम मोडतो तो तुलना-फंक्शन लिहिणारा. तरीही क्यूसॉर्ट अधिक सावध करण्यात आले. परक्याचा शब्द निमूट मानण्याची किंमत तीन दशकांनंतर मोजावी लागली.

१९/
तिसरी उणीव ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत बोधप्रद आहे. क्यूसॉर्ट तुलना-फंक्शनला फक्त दोन नोंदी देते. 'कोणत्या भाषेच्या नियमाने?' हे सांगायला जागाच नाही. १९८९ च्या प्रमाणकाने भाषेनुसार शब्दांची तुलना करणारे 'स्ट्रकोल' दिले खरे, पण त्याची भाषा संपूर्ण प्रोग्रॅमसाठी एकदाच ठरवावी लागे. एका खिडकीत मराठी यादी आणि दुसरीत हिंदी यादी एकाच वेळी लावायची झाली की अडचण उभी राहते.

२०/
म्हणून 'क्यूसॉर्ट-आर' हे रूप आले. त्यात तुलना-फंक्शनसोबत एक जादा गाठोडेही देता येते. त्यात भाषेची माहिती बांधावी. मात्र फ्रीबीएसडी आणि ग्लिबसी यांनी या जादा गोष्टीची जागा वेगवेगळी ठेवली. एकीकडे चालणारा प्रोग्रॅम दुसरीकडे तसाच चालेना. पॉझिक्स या प्रमाणकात क्यूसॉर्ट-आर आले ते थेट २०२४ मध्ये, ग्लिबसीच्या क्रमाने. अक्षरांचा क्रम लावणाऱ्या फंक्शनच्या स्वतःच्याच मुद्द्यांचा क्रम लागायला इतका काळ जावा, ही इतिहासाची गंमत.

२१/
मराठीचा नियम तरी एकच आहे का? साक्री आणि सांगवी ही दोन नावे घ्या. हिंदी कोशांत अनुस्वारयुक्त अक्षर आधी येते. त्या रीतीने सांगवी आधी. संस्कृत कोशांत हा अनुस्वार पुढच्या वर्णाच्या वर्गातील अनुनासिक मानला जातो: सांगवी म्हणजे साङ्गवी. ङ हा क च्या नंतरचा, म्हणून साक्री आधी. क्ष चेही तसेच. शाळेच्या मुळाक्षरांत तो शेवटी, हिंदी कोशांत क च्या पोटात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला, तो अशा प्रश्नांना एक अधिकृत उत्तर असावे म्हणूनच.

२२/
ही विद्या महाराष्ट्रात रुजवणारे शिक्षकही आठवावेत. आयआयटी मुंबईचे धनंजय धामधेरे यांचे सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरील पाठ्यपुस्तक आणि नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' यांवर भारतातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. पॉइंटरच्या धड्यात अडखळलेल्या अनेकांनी फंक्शनचा पत्ता ही चीज प्रथम अशा पुस्तकांतच पाहिली.

२३/
आता पुन्हा साक्रीकडे. या भागाची घरगुती बोली अहिराणी. तिच्यात प्रमाण मराठीतला ळ पुष्कळदा य होतो: डोळा म्हणजे डोया, सकाळ म्हणजे सकाय. ज्या अक्षराच्या जागेवरून एवढा खटाटोप झाला, ते या मातीत बोलताना बहुधा उरतच नाही. अहिराणी बोलणाऱ्या मुलाने 'डोया' असे लिहून मराठी कोशात शोध घेतला, तर त्याला 'डोळा' सापडावा का?

२४/
तुलना-फंक्शनचे तिसरे उत्तर येथे कामी येते: शून्य, म्हणजे 'दोन्ही समान'. शोधापुरते ळ आणि य यांना समान मानणारा नियम लिहिता येईल. डोया लिहिले तरी डोळा मिळेल. पण मग 'काळा' आणि 'काया' हे दोन निराळे मराठी शब्दही यंत्राला एकच वाटू लागतील. एका बोलीचा मान राखताना दुसरीकडचा भेद पुसला जातो. हा पेच क्यूसॉर्ट सोडवू शकत नाही. तो भाषा जाणणाऱ्यालाच सोडवावा लागतो.

२५/
एडसॅकच्या मदतनीस उपक्रमापासून क्यूसॉर्ट-आरपर्यंतच्या साऱ्या प्रवासात यंत्राने एकच गोष्ट वारंवार मान्य केली आहे: हात माझे, निवाडा तुमचा. ती जागा रिकामी ठेवली, तर तेथे आपोआप घरक्रमांकांचा क्रम येऊन बसतो आणि तोच निसर्गनियम वाटू लागतो. बळसाण्याची मंदिरे शेकडो वर्षे जागच्या जागी आहेत. सूचीत ती कोठे सापडावीत आणि सापडावीत की नाही, हे मात्र कोणीतरी लिहिलेल्या दहा-वीस ओळींच्या एका छोट्या फंक्शनवर ठरते. त्या ओळी लिहिणाऱ्याला 'ह नंतर ळ' हे ठाऊक असले पाहिजे.